विहिरीचा डेटा सिस्मिक प्रोसेसिंगमध्ये कसा वापरायचा : नागपुरातून या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

सिस्मिक प्रोसेसिंग, म्हणजे जमिनीखालच्या थरांवरून परत आलेल्या लाटांच्या नोंदींतून थरांचं चित्र काढणं, संपतं, मायग्रेशन (परावर्तनं त्यांच्या खऱ्या जागी नेणं) होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "आता विहिरीशी जुळतंय का ते बघू." (विहीर म्हणजे इथे तेलासाठी खणलेलं खोल भोक.) हे वरातीमागून घोडं झालं. तोवर डीकॉन्व्होल्यूशन (लांबलेली लाट आखूड आणि टोकदार करणं) ठरलेलं असतं, मल्टिपल (थरांत पुन्हा आपटून आलेल्या लाटा) काढून झालेले असतात, व्हेलॉसिटी (खडकातले लाटेचे वेग) निवडलेल्या असतात. यातलं काय चुकलं हे विहीर स्पष्ट सांगत असते, पण मागे जायला वेळ उरलेला नसतो. म्हणून विहिरीचा डेटा पहिल्या चाचणीच्या आधी तयार करा आणि प्रत्येक टप्प्यावर तिला विचारत जा. मात्र तिच्याशी डेटा ओढूनताणून जुळवू नका. ती चूकही तेवढीच महाग पडते.

नागपूरच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातलं अर्धं काम ओळखीचं आहे. कामठी-उमरेडच्या कोळसापट्ट्यात बोअरहोलचं लॉगिंग, म्हणजे भोकात अवजार सोडून खोलीनुसार खडकाची मापं नोंदवणं, वर्षानुवर्षं चालू आहे. खनिजं शोधणाऱ्या एमईसीएल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आणि कोळसाखाणींचं नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआयची क्षेत्रीय संस्था याच शहरात आहे. गॅमा आणि डेन्सिटीचा लॉग वाचणारी माणसं इथे सहज भेटतात. नवीन शिकायचं ते सोनिक (आवाजाची लाट खडकातून जायला किती वेळ घेते त्याचा लॉग), चेकशॉट (जमिनीवरून विहिरीत पोचलेल्या लाटेची मोजलेली वेळ) आणि खोलीचं वेळेत रूपांतर. दुसरी जमेची बाजू म्हणजे दगड. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, आणि शहर डेक्कन ट्रॅपच्या पूर्व कडेवर वसलेलं. तेल नागपुरात नाही, ते खंभातच्या खोऱ्यात आणि मुंबईच्या समुद्रात आहे. पण पश्चिम भारतात सिस्मिकला सर्वांत जास्त छळणारे दोन दगड, कोळसा आणि बेसॉल्ट, इथल्या माणसाने हातात घेऊन पाहिलेले असतात.

आधी काय गोळा करायचं

सोनिक, डेन्सिटी, गॅमा, कॅलिपर (भोकाचा व्यास) आणि रेझिस्टिव्हिटी हे लॉग. असेल तर शिअर सोनिक. चेकशॉट किंवा व्हीएसपी (विहिरीत जवळजवळच्या अनेक खोल्यांवर पूर्ण लाट नोंदवणारा सर्व्हे). विहीर तिरपी असेल तर तिचा डेव्हिएशन सर्व्हे. थरांच्या माथ्यांच्या खोल्या. ड्रिलिंग बिटचा व्यास आणि केसिंग (भोकात बसवलेला लोखंडी पाइप) कुठवर आहे याची नोंद. शेवटच्या दोन गोष्टी नवखे लोक मागत नाहीत आणि नंतर त्याच अडवतात.

फाईल उघडल्यावर पहिलं काम एककं तपासणं. सोनिक बहुधा मायक्रोसेकंद प्रति फूट असतो, कधी प्रति मीटर. प्रति फूट असेल तर ३,०४,८०० ला त्या आकड्याने भागा, व्हेलॉसिटी मीटर प्रति सेकंदात मिळते. १०० आला तर ३०४८, ६० आला तर ५०८०. शेलमध्ये नऊ-दहा हजार दिसायला लागले तर एकक चुकलंय. दुसरं, जिथे वाचन नाही तिथे फाईलमध्ये सहसा -९९९.२५ लिहिलेलं असतं. ते काढलं नाही तर सरासरीत शिरतं आणि खालचं सगळं बिघडवतं.

उंचीचा हिशेब

जुळणी फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, म्हणून इथे घाई नको. विहिरीची खोली केली बुशिंगपासून मोजतात, म्हणजे रिगच्या फलाटाजवळच्या एका ठरावीक उंचीपासून. सिस्मिकची वेळ मात्र प्रोसेसिंगच्या डेटमपासून, म्हणजे ठरवून घेतलेल्या एका समान उंचीपासून, मोजतात. दोन्ही एका पायरीवर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नागपूरच्या उंचीवरचं उदाहरण घेऊ. जमीन समुद्रसपाटीपासून ३१० मीटर, केली बुशिंग जमिनीच्या ६ मीटर वर, म्हणजे ३१६. सरळ विहिरीत १५०० मीटरवर लागलेला थर समुद्रसपाटीच्या ११८४ मीटर खाली आहे. आता डेटम ४०० मीटरवर धरलंय, रिप्लेसमेंट व्हेलॉसिटी (डेटमपर्यंतच्या मधल्या भागासाठी धरलेली) २००० मीटर प्रति सेकंद आहे आणि चेकशॉटचा स्फोट ३ मीटर खोल खड्ड्यात, म्हणजे ३०७ मीटरवर झालाय. मधल्या ९३ मीटरला एकेरी (नुसतं जायला) ४६.५ आणि दुहेरी (जाऊन यायला) ९३ मिलिसेकंद लागतात. हे मिळवायला विसरलात तर सिंथेटिक (लॉगवरून गणिताने बनवलेला सिस्मिक ट्रेस, म्हणजे एका जागेची लाटेची नोंद) ९३ मिलिसेकंद वर बसेल आणि तुम्ही चुकीच्या परावर्तनाशी ते आनंदाने जुळवाल. हे आकडे कागदावर एका साध्या उभ्या आकृतीत लिहून ठेवा. सॉफ्टवेअरच्या चार खिडक्यांत विखुरलेले आकडे कुणालाच दिसत नाहीत.

लॉगची साफसफाई

कॅलिपर आधी पहा. साडेआठ इंची बिटने खणलेल्या भोकात कॅलिपर बारा इंच दाखवत असेल तर तिथे भिंत ढासळली आहे. डेन्सिटीचं पॅड भिंतीला टेकत नाही, चिखल मोजला जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. सोनिकमध्ये अचानक टोकदार सुळे दिसले तर बहुधा अवजाराने पहिली लाट चुकवून पुढची पकडलेली असते. असे सुळे मीडियन फिल्टरने काढता येतात, पण खिडकी लहान ठेवा, ५ ते ११ नमुने. मोठी ठेवलीत तर पातळ थरही जातील.

गेलेली डेन्सिटी भरायला गार्डनरचं सूत्र वापरतात: व्हेलॉसिटीचं चौथं मूळ गुणिले ०.३१. ३००० मीटर प्रति सेकंदाला सुमारे २.२९ येतं आणि वाळूखडक-शेलमध्ये हे बरं चालतं. कोळशात मात्र चालत नाही. कोळशाची व्हेलॉसिटी २२०० धरली तर सूत्र २.१२ सांगतं, खरी डेन्सिटी १.३ ते १.५ असते. कोळशाचा लॉग वाचलेला माणूस ही चूक एका नजरेत पकडतो. तेलाच्या प्रकल्पात ती सर्रास राहून जाते, कारण कोळसा हे तिथलं लक्ष्यच नसतं.

चेकशॉट आणि ड्रिफ्ट

चेकशॉट म्हणजे जमिनीवर आवाज करायचा आणि विहिरीतल्या जिओफोनपर्यंत तो किती वेळात पोचला ते मोजायचं. स्रोत विहिरीच्या तोंडापासून थोडा बाजूला असतो, म्हणून वाट तिरपी होते. स्रोत ६० मीटर बाजूला, जिओफोन ४०० मीटर खोल आणि मोजलेली वेळ २०० मिलिसेकंद असेल तर उभी वेळ येते १९७.८. खोल गेल्यावर हा फरक नगण्य होतो, वरच्या थरांत होत नाही. नोंद एकेरी वेळेची आहे की दुहेरी, तेही आत्ताच लिहून ठेवा.

सोनिक अवजार साधारण १० ते २० हजार हर्ट्झवर चालतं, सिस्मिक १० ते ८० हर्ट्झवर. जास्त वारंवारतेची लाट खडकातून किंचित वेगाने जाते, म्हणून सोनिकची बेरीज करून काढलेली वेळ चेकशॉटपेक्षा बहुधा कमी भरते. या फरकाला ड्रिफ्ट म्हणतात. तो प्रत्येक चेकशॉट बिंदूतून वक्र नेऊन भरू नका. दोन बिंदू ५० मीटर अंतरावर, व्हेलॉसिटी २५००, म्हणजे मधली एकेरी वेळ २० मिलिसेकंद. वाचनात १ मिलिसेकंदाची चूक झाली की व्हेलॉसिटी ५ टक्क्यांनी, म्हणजे १२५ मीटर प्रति सेकंदाने हलली. खडकात नसलेली पायरी तुम्हीच तयार केलीत, आणि ती सिंथेटिकमध्ये परावर्तन बनून उभी राहील. वक्राची वळणं थोडी ठेवा आणि ती खडक बदलतो तिथेच द्या.

सिंथेटिक

व्हेलॉसिटी गुणिले डेन्सिटी म्हणजे इम्पीडन्स. दोन थरांच्या इम्पीडन्समधली वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे परावर्तनाचं प्रमाण. शेल २८०० × २.४ आणि कोळसा २२०० × १.४ घेतला तर उणे ०.३७ येतं. शेलखाली घट्ट बेसॉल्ट, ५२०० × २.८५, तर अधिक ०.३८. नेहमीच्या वाळूखडक-शेलच्या सीमेवर हाच आकडा ०.१ च्याही खाली असतो. हे दोन दगड इतके का त्रास देतात ते यातच आलं.

लॉगचा नमुना सहसा अर्ध्या फुटावर, म्हणजे १५.२४ सेंटिमीटरवर असतो. ३००० च्या व्हेलॉसिटीला हे दुहेरी वेळेत जेमतेम ०.१ मिलिसेकंद. सिस्मिक २ मिलिसेकंदांवर असेल तर एका नमुन्यात लॉगचे वीस नमुने बसतात. प्रत्येक विसावा उचलायचा नाही. आधी बॅकसच्या पद्धतीने (पातळ थरांचा गठ्ठा एका समान थरासारखा धरून) सरासरी काढा, मग वेळेत न्या. नाहीतर पातळ थर नको त्या वारंवारतेचं सोंग घेऊन येतात.

जुळणीची खिडकी कमीत कमी ५०० मिलिसेकंद घ्या, आणि वेव्हलेट, म्हणजे परावर्तनाच्या प्रमाणांवर चढवून सिंथेटिक बनवायची छोटी लाट, १०० ते १२८. वेव्हलेट लांब आणि खिडकी आखूड ठेवली तर कशालाही काहीही जुळतं आणि सहसंबंधाचा आकडा ०.९ दिसतो. त्या आकड्याला काही अर्थ नाही. पूर्ण सिंथेटिक वरखाली सरकवायला हरकत नाही. ताणायचं असेल तर ताणल्यावर त्या पट्ट्याची व्हेलॉसिटी काय झाली ते लगेच पहा. ३ टक्क्यांवर बदलली आणि लॉगमध्ये त्याचं कारण दिसत नसेल तर ताण मागे घ्या.

फेजचा, म्हणजे लाट आपल्या चक्रात किती अंश फिरली आहे त्याचा, एक सापळा लक्षात ठेवा. ३० हर्ट्झच्या लाटेत ९० अंशांची फेजची चूक डोळ्यांना ८.३ मिलिसेकंदांच्या सरकण्यासारखी दिसते. म्हणून एकाच परावर्तनावर जुळवू नका. लांब खिडकीतल्या वेगवेगळ्या जाडीच्या थरांवर फेज आणि सरकणं वेगळं ओळखता येतं.

आता प्रोसेसिंगकडे

इथवरचं काम एका विहिरीला दोनतीन दिवस घेतं. ते झालं की लॉग आणि वेळ-खोलीचं नातं गोठवा. पुढच्या प्रत्येक चाचणीत सिंथेटिक तेच, खिडकी तीच, फक्त सिस्मिक बदलतं. एक तक्ता ठेवा: टप्पा, किती सरकलं, फेज किती अंश, सहसंबंध किती. दर वेळी सिंथेटिकही बदलत राहिलात तर सुधारणा सिस्मिकची झाली की तुमच्या सिंथेटिकची, हे कळणार नाही.

जमिनीवरच्या सर्व्हेत पहिला प्रश्न स्टॅटिक्सचा, म्हणजे वरच्या मऊ थरांत जाणाऱ्या वेळेच्या दुरुस्तीचा, आणि तिथे खोल विहिरीचा उपयोग नसतो. वरचे दोनतीनशे मीटर बहुधा केसिंगमागे, लॉगविना असतात. त्यासाठी उथळ अपहोल, म्हणजे वरच्या थरांची व्हेलॉसिटी मोजायला खणलेली छोटी भोकं, लागतात. ट्रॅपच्या मुलखात काळी माती, खाली मुरूम, खाली टणक बेसॉल्ट असा क्रम असतो. काळ्या मातीची व्हेलॉसिटी ४०० धरली तर ३ मीटरला ७.५ मिलिसेकंद जातात, तेच टणक बेसॉल्टमध्ये ०.६. नाल्याकाठी माती जाड, माळावर पातळ. हा फरक भरला नाही तर खालचे सगळे थर लाटांसारखे दिसतात आणि स्टॅकमधून (एकाच जागेच्या अनेक ट्रेसच्या बेरजेतून) वरची वारंवारता पुसली जाते. अपहोल दूर दूर असतील तर मधल्या जागा सरळ रेषेने जोडण्याआधी नकाशावर माती-मुरमाची सीमा बघा.

डीकॉन्व्होल्यूशनमध्ये विहीर फार कामाची. नेहमीची पद्धत असं धरून चालते की खडकांच्या परावर्तनात सगळ्या वारंवारता सारख्या बळाच्या असतात. लॉग बघा, तसं नसतं. खऱ्या परावर्तनाचं बळ वारंवारतेबरोबर हळूहळू वाढत जातं. तुमच्या विहिरींच्या परावर्तनाचा स्पेक्ट्रम काढा आणि डीकॉननंतरचा सिस्मिकचा स्पेक्ट्रम त्याच्याशेजारी ठेवा. ऑपरेटरची (डीकॉनच्या फिल्टरची) लांबी आणि गॅप (किती वेळेनंतरची पुनरावृत्ती काढायची ते) ठरवताना "कुठलं चित्र जास्त रेखीव दिसतं" हा निकष सोडून द्या. रेखीवपणा नॉइजमधूनही येतो. सिंथेटिकशी कुठलं जास्त जुळतं, ते घ्या.

मल्टिपल, म्हणजे थरांमध्ये दोनदा आपटून उशिरा येणारी लाट. सिंथेटिक दोनदा काढा, एकदा मल्टिपलशिवाय आणि एकदा त्यांच्यासह. सिस्मिकमध्ये आहे, पहिल्यात नाही आणि दुसऱ्यात आहे, असं जे दिसेल त्यावर बोट ठेवा. व्हीएसपी असेल तर आणखी बरं. त्यात वर येणारी लाट वेगळी काढता येते, आणि जिओफोनजवळच्या अरुंद पट्टीतून काढलेला कॉरिडॉर स्टॅक मल्टिपलविना असतो.

खंभातच्या उत्तरेला, मेहसाणा भागात, कलोल फॉर्मेशनमध्ये कोळशाचे थर आहेत. समजा दोन थर दुहेरी वेळेत ६० मिलिसेकंद अंतरावर आहेत. खालच्या थराच्या परावर्तनामागे बरोबर ६० मिलिसेकंदांनी त्याची सावली येते आणि नेमकी खालच्या वाळूवर पडते. अशी सावली राडॉन फिल्टरने (व्हेलॉसिटीच्या फरकावरून मल्टिपल वेगळे काढणाऱ्या) जात नाही, कारण तिची व्हेलॉसिटी खऱ्या परावर्तनाइतकीच असते. तिचा ऑफसेटबरोबरचा (स्रोत आणि जिओफोनमधल्या अंतराबरोबरचा) वक्रपणा वेगळा काढता येत नाही. इथे ६० मिलिसेकंदांच्या आसपास गॅप ठेवलेलं डीकॉन करून पहा, आणि प्रत्येक चाचणी कॉरिडॉर स्टॅकशेजारी लावा. गॅप लहान झाला तर कोळशामधल्या खऱ्या पातळ वाळूचं परावर्तनही निघून जाईल. ही तारेवरची कसरत विहिरीशिवाय होत नाही.

बेसॉल्टखाली पाहायचं असेल तर अजून सावध राहा. ट्रॅप हा एकसंध दगड नाही. एकावर एक लाव्हाचे थर, प्रत्येकाचा माथा सच्छिद्र आणि कुजलेला, मध्ये कुठे लाल बोल, म्हणजे दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा थर. टणक भागात व्हेलॉसिटी ५००० च्या वर, कुजलेल्या भागात त्याच्या निम्मी. जाडीही ठिकाणागणिक बदलते. किल्लारीच्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये बेसॉल्ट सुमारे ३३८ मीटर भरला, कोयनेच्या बोअरमध्ये सुमारे ९३०. ५००० ची व्हेलॉसिटी धरली तर दुहेरी वेळेत १३५ आणि ३७२ मिलिसेकंद. या थरांमधून वरच्या वारंवारता विखरून जातात, खाली पोचतात त्या मुख्यतः मंद. व्हीएसपीमध्ये बेसॉल्टच्या वर आणि खाली, खाली जाणाऱ्या लाटेचा स्पेक्ट्रम काढा. बेसॉल्टखाली ३० हर्ट्झच्या पुढे काही उरलंच नसेल, तर त्या भागात ५० हर्ट्झ दाखवणारं डीकॉन नॉइज दाखवतंय.

हाच स्पेक्ट्रम वापरून क्यू मोजता येतो, म्हणजे खडक किती ऊर्जा गिळतो याचं माप; क्यू जितका लहान तितकं गिळणं जास्त. दोन खोल्यांवरच्या स्पेक्ट्रमच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम वारंवारतेविरुद्ध काढला की उतार येतो: पाय (π) गुणिले वेळेतला फरक, भागिले क्यू. क्यू १०० आणि फरक अर्धा सेकंद असेल तर १० पासून ६० हर्ट्झपर्यंत जाताना सुमारे ६.८ डेसिबल पडतात. या मापाने भरपाई केली तर ती खडकाची भरपाई असते. नुसत्या नजरेने क्यू ४० धरला तर वरच्या वारंवारतेसोबत नॉइजही फुगतो. बेसॉल्टमध्ये मोजलेल्या क्यूमध्ये विखुरण्याचा वाटा मोठा असतो, तो सरसकट वाळू-शेलला लावू नका.

व्हेलॉसिटीबद्दल नवख्यांचा एक पक्का गैरसमज असतो: चेकशॉटची व्हेलॉसिटी खरी, मग तीच स्टॅकिंगला द्यावी. दिली की गॅदर (एकाच जागेचे वेगवेगळ्या ऑफसेटचे ट्रेस) सपाट होत नाहीत. चेकशॉटची लाट उभी जाते, सिस्मिकची तिरपी, आणि शेलमध्ये आडवी व्हेलॉसिटी उभ्यापेक्षा जास्त असते. गॅदर सपाट करणारी व्हेलॉसिटी त्यामुळे बहुधा जास्तच भरते. हा फरक दोष समजून पुसू नका, तो मोजा. विहिरीत माथा २००० मीटरवर आणि सिस्मिकच्या खोलीत २१०० वर आला, तर ५ टक्के फरक. थॉमसनचा डेल्टा (दिशेनुसार बदलणाऱ्या व्हेलॉसिटीचं एक माप) साधारण ०.०५ येतो. डेप्थ मायग्रेशनला तो द्या, मग गॅदर सपाटही राहतात आणि खोलीही जुळते.

दोन-तीन विहिरी असतील तर हे प्रमाण नकाशावर पसरवावं लागतं. इथे ठरलेली चूक होते: प्रत्येक विहिरीभोवती बैलाच्या डोळ्यासारखी वर्तुळं उमटतात. विहिरीपाशी नकाशा बरोबर, दोन किलोमीटरवर चूक, आणि मध्ये खोटा उंचवटा. त्या उंचवट्यावर पुढची विहीर खणली जाऊ शकते. प्रमाण हळूवार बदलू द्या, विहिरीपाशी दहा-वीस मीटर चूक राहिली तरी चालेल.

मायग्रेशननंतर जुळणी विहिरीच्या नेमक्या जागीच तपासू नका. आजूबाजूचे ट्रेसही घ्या आणि सर्वांत चांगली जुळणी कुठे येते ते पहा. सगळ्याच विहिरींना ती उताराच्या एकाच दिशेला चार-पाच ट्रेस सरकलेली दिसली, तर मायग्रेशनची व्हेलॉसिटी तपासायला घ्या. तिरप्या विहिरीत हे सगळं विहिरीच्या वाटेवरून काढायचं, तोंडाच्या खालच्या उभ्या रेषेवरून नव्हे.

अँप्लिट्यूडसाठी एजीसी (लाटांची उंची आपोआप सारखी करणारी पायरी) लावू नका. सिंथेटिकमध्ये कोळसा वाळूच्या पाचपट उठून दिसतो आणि सिस्मिकमध्ये दोन्ही सारखे, तर मध्ये कुठेतरी कुणीतरी समान करून ठेवलंय. ती पायरी शोधा.

सराव कशावर करायचा

नागपुरात बसून खरा डेटा मिळतो. नॉर्वेच्या व्होल्व्ह तेलक्षेत्राचा सगळा संच इक्विनॉरने २०१८ मध्ये खुला केला. नेदरलँड्सच्या एफ-३ ब्लॉकचा संच लहान आहे आणि सुरुवातीला तो सोयीचा. मात्र त्यातल्या चारपैकी दोनच विहिरींत मोजलेली डेन्सिटी आहे, उरलेल्या दोनमध्ये ती न्यूरल नेटवर्कने भाकीत केलेली आहे. त्या दोन्हींवर वेव्हलेट काढताना हे डोक्यात असू द्या. पाहायला ओपनडीटेक्ट, प्रोसेसिंगला सिस्मिक युनिक्स, आणि पायथनमध्ये लास्यो (lasio) व सेग्वायआयओ (segyio) या लायब्ररी फुकट आहेत. भारतातला डेटा हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या नॅशनल डेटा रिपॉझिटरीत असतो. तो हवा असेल तर आपल्या विद्यापीठाच्या विभागामार्फत विचारणा करा.

चार विहिरी असतील तर तीनच वापरा. चौथी पहिल्या दिवशी बाजूला काढा आणि तिचे लॉग कुणाला दाखवू नका. निवडताना सर्वांत वाईट डेटाची विहीर बाजूला टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. चांगल्या लॉगची, उरलेल्या तिघींपासून लांबची विहीर ठेवा. अंतिम व्हॉल्यूम तयार झाला की तिच्यावर एकदाच जुळवा, फेज आणि खोलीतला फरक जसा येईल तसा अहवालात लिहा आणि त्यानंतर काही दुरुस्त करायला बसू नका. शेवटच्या फाईलच्या मजकूर-हेडरमध्ये डेटमची उंची, रिप्लेसमेंट व्हेलॉसिटी, पोलॅरिटी (इम्पीडन्स वाढली की शिखर येतं की दरी), किती अंशांची फेज फिरवली, कुठल्या विहिरी वापरल्या आणि कुठली राखून ठेवली, एवढं लिहा. पाच वर्षांनी ही फाईल उघडणाऱ्याच्या हाती बहुधा तेवढंच लागणार आहे.